बोरी अरबचं हायकोर्ट

बोरी अरबच्या माणसाचं हायकोर्ट म्हणजे नागपूर. निकालाच्या कागदावर वर ‘मुंबई उच्च न्यायालय’ छापलेलं असतं, पण दारव्हा तालुक्यातला कुणी ‘हायकोर्टात चाललो’ म्हणाला तर तो यवतमाळला गाडी बदलून नागपूरच्या सिव्हिल लाइन्सकडे निघालाय, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मुंबई त्याच्या हिशेबातच नसते. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. सकाळच्या एसटीनं निघालं तर रात्रीच्या जेवणाला घरी. नागपूरहून पुढे मुंबई आठशे किलोमीटर. हा फरक केवढा मोठा आहे हे ज्याच्यावर अपिलाची वेळ आली त्यालाच कळतं.

भांडण बहुतेक वेळा धुऱ्याचं असतं. अडाण नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस, तूर आणि आता सोयाबीन. दोन वावरांमधला धुरा पावसानं थोडा खचतो आणि वखरानं थोडा सरकवला जातो. एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं की आपले दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, शेजाऱ्याकडे गेले. मोजणीचा अर्ज होतो, भूमी अभिलेखचा माणूस येतो, खुणा रोवल्या जातात आणि त्या खुणा दोघांपैकी एकाला पटत नाहीत. मग दारव्ह्याच्या दिवाणी न्यायालयात दावा. वकीलपत्र, सातबारा, फेरफाराच्या नकला, समन्स, जबाब, मुद्दे, पुरावा, उलटतपासणी. कोर्टाच्या तारखेला वऱ्हाडात ‘पेशी’ म्हणतात, आणि ‘पेशी लागली का?’ या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर ‘पुढची भेटली’ हे असतं. निकाल लागला की हरलेला जिल्हा न्यायालयात पहिलं अपील करतो. तिथं पुरावा पुन्हा बघितला जातो. तिथंही हरला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली दुसरं अपील, ते हायकोर्टात. तिथं कुणी धुरा कुठं होता हे विचारत नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील ऐकायला घेतात. तोवर दाव्याच्या पहिल्या दिवशी शाळेत जाणारा पोरगा वावर करायला लागलेला असतो.

या सगळ्या वाटेवर त्या शेतकऱ्याला मुख्य न्यायमूर्ती एकदाही दिसत नाही. नावही बहुधा ठाऊक नसतं. पण दारव्ह्याच्या कोर्टात न्यायाधीश आहे की खुर्ची रिकामी आहे, त्याची बदली केव्हा, बढती केव्हा, हे सगळं राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे हायकोर्टाच्या ताब्यात. आणि हायकोर्टाच्या कारभाराची सूत्रं मुख्य न्यायमूर्तीच्या हातात. कुठलं प्रकरण कोणत्या न्यायमूर्तीपुढे जाईल हे तोच ठरवतो. आणि न्यायमूर्तींनी बसायचं कुठं, यातही त्याचा शब्द मोठा. वृत्तपत्रं मुख्य न्यायमूर्तीला गाजलेल्या निकालांवरून मोजतात. मला हे माप अपुरं वाटतं. निकाल तर कुठलाही न्यायमूर्ती देतो. मुख्य न्यायमूर्तीची सेवा बघायची ती कारभारात, आणि त्यातही तो न्यायालय लोकांच्या किती जवळ नेतो यात. म्हणून या लेखासाठी मी असा माणूस निवडला, ज्याच्या हाताखालून बोरी अरबचं हायकोर्ट एकदा निघून गेलं.

न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांना महाराष्ट्र ओळखतो तो भारताचे सरन्यायाधीश म्हणून, आणि थोडी जुनी मंडळी उपराष्ट्रपती म्हणून. ते त्याआधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, म्हणजे वणीपासून मेळघाटापर्यंत आणि रायपूरपासून बुलढाण्यापर्यंतच्या मुलखाचे, हे विदर्भातही आता फार जणांना आठवत नाही.

मुळात हा मुलूखच तुकड्यातुकड्यांनी जोडलेला. वऱ्हाड निजामाचं, १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभारात आलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. कापूस बाहेर काढायला मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली, तीच आपली शकुंतला. कापसासाठी रूळ आले, पण न्यायासाठी या प्रांताला ९ जानेवारी १९३६ पर्यंत थांबावं लागलं. तोवर नागपुरात ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. त्या दिवशी नागपूर हायकोर्ट सुरू झालं, सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. इमारतीचा पाया पुढच्या वर्षी घातला गेला आणि जानेवारी १९४० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तिचं उद्घाटन केलं. तिला ‘दगडातली कविता’ म्हणणारे तेच. हेन्री मेड नावाच्या वास्तुविशारदानं ती आखली. नव्या दिल्लीतली दोन मोठी चर्चंही त्याचीच. आजही पिवळसर दगडाच्या त्या दर्शनी भिंतीसमोर आणि मधल्या घुमटाखाली पहिल्यांदा उभा राहणारा पक्षकार आवाज खाली आणतो. इंग्रजांना नेमकं तेच हवं असावं.

हिदायतुल्लांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. वडील खानबहादूर हाफिज मोहम्मद विलायतुल्ला मध्य प्रांताच्या सरकारी नोकरीत, शिवाय उर्दू शायर. मुलाचं शालेय शिक्षण रायपूरला झालं आणि कॉलेजसाठी तो नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आला. या कॉलेजाच्या इमारतीवर आज वसंतराव नाईकांचं नाव आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे नाईकही तिथंच शिकले, वकील झाले आणि पुढे मुख्यमंत्री. यवतमाळ जिल्ह्यातल्या किती पिढ्यांची वाट या एका कॉलेजावरून गेली याचा कुणीतरी कधी तरी धांडोळा घ्यायला हवा.

मॉरिसनंतर केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टरी, आणि १९ जुलै १९३० रोजी नागपुरात वकिलीची सनद. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच महिन्याच्या १० तारखेला यवतमाळचे वकील लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि अटक करून घेतली. एकाच जुलैत एक वकील कायदा मोडून तुरुंगात गेला आणि दुसरा केंब्रिजची पदवी घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढला. हिदायतुल्ला चळवळीतले नव्हते. १९४२ मध्ये ते सरकारी वकील झाले आणि १९४३ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल. हे पद त्यांना सदतिसाव्या वर्षी मिळालं. यावरून त्यांना कुणी नावं ठेवली तर मी भांडणार नाही. एवढंच म्हणेन की राज्यकर्त्यांच्या बाजूनं उभं राहिलेल्या या वकिलानं न्यायमूर्ती झाल्यावर राज्यकर्त्यांना जेवढं अडवलं, तेवढं फार थोड्यांनी अडवलं.

या मधल्या काळात ते नागपूरच्या नगरपालिकेत सभासद होते, नागपूर सुधार प्रन्यासावर होते आणि १९३५ पासून आठ वर्षं लॉ कॉलेजात शिकवत होते. म्हणजे गटारं, भूखंड आणि विद्यार्थी, तिन्ही पाहिलेला माणूस. पुढे मुख्य न्यायमूर्ती म्हणून जे करावं लागलं त्याला केंब्रिजपेक्षा ही शिदोरी अधिक कामाला आली असणार.

१९४६ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पुढच्याच वर्षी देश फुटला आणि घरही फुटलं. त्यांचे थोरले बंधू मोहम्मद इकरामुल्ला आयसीएस अधिकारी. ते पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. धाकटा भाऊ नागपूरच्या घुमटाखाली बसून राहिला. १९४८ मध्ये त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी लग्न केलं. फाळणीला वर्षही उलटलेलं नव्हतं, हवेत काय होतं हे सांगायला नको. हायकोर्टाच्या एका मुसलमान न्यायमूर्तीनं तेव्हा हिंदू-जैन घरातल्या मुलीशी संसार थाटला आणि शहरानं तो पचवला, ही गोष्ट नागपूरच्या बाजूनंही जमेला धरायला हवी.

त्या काळचं नागपूर हायकोर्ट लहान होतं, पण तिथली माणसं लहान नव्हती. व्हिव्हियन बोस तिथलेच. १९४९ ते ५१ मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सुप्रीम कोर्टात. १९४६ मध्ये, म्हणजे इंग्रजांचं राज्य चालू असताना, भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात बोस यांच्या खंडपीठानं एक कसोटी घालून दिली: छापलेल्या शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेनं, जागोजागी धोका दिसणाऱ्या भित्र्या माणसाच्या नजरेनं नव्हे. सुप्रीम कोर्ट ही कसोटी अजून वापरतं, २०२५ च्या एका निकालातही ती आली. बोस यांच्यानंतर मुख्य न्यायमूर्ती झालेले भुवनेश्वर प्रसाद सिन्हा पुढे सरन्यायाधीश झाले. अमरावतीचे जनार्दन मुधोळकर तिथेच न्यायमूर्ती होते. १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रघुनाथराव मुधोळकर यांचे ते चिरंजीव. आणि देशभरातले निकाल छापून वकिलांच्या टेबलावर पोचवणारं चितळ्यांचं ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ही नागपूरचंच. दारव्ह्याच्या वकिलाच्या मागच्या कपाटात ज्या जाड बांधणीच्या पुस्तकांच्या ओळी दिसतात, त्यांचं माहेर हे.

३ डिसेंबर १९५४ रोजी हिदायतुल्ला या कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. एकोणपन्नासावं वर्ष पुरं व्हायला दोन आठवडे बाकी होते. तेव्हा देशातल्या हायकोर्टांच्या मुख्य न्यायमूर्तींमध्ये इतकं तरुण कुणी नव्हतं. पण पदावर येतानाच खाली वाळू सरकू लागली होती. राज्य पुनर्रचना आयोग नेमून वर्ष होत आलं होतं. त्याच्याही आधी, २८ सप्टेंबर १९५३ ला, नागपूर करार झाला होता आणि त्यात मराठी राज्यात हायकोर्टाचं मुख्य ठाणं मुंबईत आणि दुसरं विदर्भात असेल असं कबूल केलेलं होतं. म्हणजे मुख्य न्यायमूर्ती ज्या खुर्चीवर बसले होते, ती उचलली जाणार हे जवळजवळ ठरलेलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला ती उचलली गेली. कायद्याची गंमत अशी की नागपूर हायकोर्ट बंद झालं असं कुठंच लिहिलेलं नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ४९ नं म्हटलं, जुन्या मध्य प्रदेशचं हायकोर्ट हेच नव्या मध्य प्रदेशचं हायकोर्ट मानावं. ते हायकोर्ट म्हणजे नागपूरचं. तेव्हा कागदावर नागपूर हायकोर्ट जसंच्या तसं जबलपूरला राहायला गेलं, आणि त्याच्याबरोबर मुख्य न्यायमूर्ती. इमारत तेवढी इथं राहिली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई हायकोर्टाकडे गेले. तिथं मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. नागपूरची राजधानी गेली आणि पुढे तिच्या बदल्यात हिवाळी अधिवेशन मिळालं, ज्याचं मोल काय हे दर डिसेंबरात नागपूरकर आपापसात ठरवत असतात.

हिदायतुल्लांच्या पुढ्यात जबलपूरला जे ताट आलं ते सोपं नव्हतं. नव्या मध्य प्रदेशात चार राज्यांचे तुकडे होते. मध्य भारताचं स्वतःचं हायकोर्ट होतं, ग्वाल्हेर आणि इंदूरमध्ये विभागलेलं. विंध्य प्रदेशाचं ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट वेगळं. प्रत्येकाचे न्यायाधीश, कारकून, प्रथा, ज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या. शिंदे आणि होळकर यांच्या राजधान्यांना आपलं कोर्ट जबलपूरसारख्या दूरच्या गावी जाणं मान्य होणार नव्हतंच. पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये तिसरं पोटकलम आहे. त्याप्रमाणे राज्यपालांच्या संमतीनं मुख्य न्यायमूर्ती ठरवतील त्या इतर ठिकाणीही न्यायमूर्ती बसू शकतात. हिदायतुल्लांनी पहिल्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, इंदूर आणि ग्वाल्हेर इथं तात्पुरती खंडपीठं बसवली. बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, ती कायम झाली आणि आजही चालू आहेत.

ज्याच्या शहरातून कोर्ट गेलं होतं, त्यानं दुसऱ्या दोन शहरांमधून ते जाऊ दिलं नाही. मुख्य न्यायमूर्ती म्हणून हिदायतुल्लांचं एकच काम सांगा असं मला कुणी म्हटलं, तर मी हे सांगेन. गाजलेले निकाल नंतर. माळव्यातल्या एखाद्या गावचा धुऱ्याचा दावा आज इंदूरला ऐकला जातो, त्याला कारण १ नोव्हेंबरचा तो आदेश.

१ डिसेंबर १९५८ रोजी ते सुप्रीम कोर्टात गेले आणि तिथं मतभेद नोंदवण्याबद्दल त्यांचं नाव झालं. १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात प्रश्न होता, संसदेला मूलभूत हक्क घटनादुरुस्तीनं कमी करता येतात का. पाच जणांपैकी तिघांनी होकार दिला. त्यात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. दोघांनी शंका काढली. एक हिदायतुल्ला: मूलभूत हक्क हे विशेष बहुमताच्या हातातलं खेळणं व्हावं काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुसरे मुधोळकर. घटनेला काही पायाभूत लक्षणं असतात आणि ती बदलणं म्हणजे दुरुस्ती की नवं लेखन, हा सवाल आपल्या सुप्रीम कोर्टात पहिल्यांदा मुधोळकरांनी विचारला. नऊ वर्षांनी, २४ एप्रिल १९७३ ला, केशवानंद भारती खटल्यात त्याच सवालाचा ‘मूलभूत चौकट’ सिद्धांत झाला. केशवानंद सगळे सांगतात. पण शंका काढणारे दोघेही नागपूर हायकोर्टाच्या त्याच घुमटाखालून आलेले होते, हे विदर्भानं तरी पोरांना शिकवायला हवं. वेगळ्या राज्याच्या भाषणांत अनुशेषाचे आकडे जेवढ्या वेळा येतात, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही हे येत नाही.

१९६६ चा नरेश मिरजकर खटला तर मुंबईचाच. ‘ब्लिट्झ’चे करंजिया यांच्यावर बदनामीचा दावा चालू होता, एका साक्षीदारानं आपली साक्ष छापली जाऊ नये अशी विनंती केली आणि न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती तोंडी आदेशानं मान्य केली. पत्रकार सुप्रीम कोर्टात गेले. नऊ न्यायमूर्ती बसले. आठ जणांनी पत्रकारांची याचिका फेटाळली. हिदायतुल्ला एकटे विरोधात: खुल्या कोर्टात जे घडलं ते छापण्यावर अशी बंदी घालता येत नाही, आणि न्यायाधीशाच्या आदेशानंही मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो. गल्लीतल्या भांडणात एकाविरुद्ध आठ उभे राहिले तर आपण एकट्याच्या बाजूनं जातो. कायद्यात मात्र आठांचं चालतं.

२५ फेब्रुवारी १९६८ ला ते सरन्यायाधीश झाले. पुढच्या वर्षी राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले, उपराष्ट्रपती गिरी यांनी निवडणुकीसाठी राजीनामा दिला आणि २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती होते. निक्सन दिल्लीत आले ते या दिवसांत. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर राष्ट्रपती म्हणून सही त्यांनीच केली, आणि त्याच कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा त्या खंडपीठावर ते बसले नाहीत. निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० ला, संस्थानिकांचे तनखे रद्द करणारा राष्ट्रपतींचा आदेश त्यांच्या खंडपीठानं बेकायदा ठरवला. इंदिरा गांधींचा तो दिवस चांगला गेला नसणार. तरी १९७९ मध्ये सगळ्या पक्षांनी मिळून त्यांना बिनविरोध उपराष्ट्रपती केलं. १८ सप्टेंबर १९९२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

नागपूरच्या घुमटाखालून पुढे आणखी मुख्य न्यायमूर्ती निघाले. यशवंत तांबे आणि सोहराब कोतवाल हे नागपूरचे न्यायमूर्ती १९५६ नंतर मुंबईकडे आले आणि १९६६ मध्ये एकामागून एक मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. कोतवाल तर १९७२ पर्यंत. आणीबाणीत मिसाखाली डांबलेल्यांना कोर्टाचं दार उघडं आहे असं म्हणणाऱ्या देशातल्या मोजक्या हायकोर्टांमध्ये मुंबईचं नागपूर खंडपीठ होतं. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते दार बंद केलं, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात राहिले. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव चंद्रशेखर धर्माधिकारी १९७२ ते ८९ हायकोर्टात होते, काही काळ प्रभारी मुख्य न्यायमूर्तीही. निवृत्तीनंतर वीसहून अधिक वर्षं डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाचं काम त्यांनी नेटानं केलं.

मधुकर नरहर चांदूरकर यांची हकिकत निराळी. १९८४ च्या सुरुवातीला ते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि काही महिन्यांतच त्यांना मद्रासला पाठवलं गेलं. तिथं ते १९८८ पर्यंत होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना ते सुप्रीम कोर्टात हवे होते. इंदिरा गांधींच्या सरकारनं नकार दिला. कारण नोंदलेलं आहे: १९७३ मध्ये गोळवलकर गुरुजींच्या अंत्ययात्रेला चांदूरकर गेले होते. गुरुजी त्यांच्या वडिलांचे स्नेही. वडिलांच्या मित्राच्या मर्तिकाला जाणं हा आपल्याकडे विचार करण्याचा विषयच नसतो, माणूस जातो. त्याची किंमत सुप्रीम कोर्टाची खुर्ची ठरली. गोळवलकरांविषयी कुणाचं मत काहीही असो, हा नकार कोता होता.

आणि २०१२ मध्ये नागपूरचे शरद बोबडे जबलपूरला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले, हिदायतुल्लांच्या खुर्चीवर. वकील असताना त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांची बाजू नागपूर खंडपीठापुढे मांडली होती. अमरावतीचे भूषण गवई कुठल्याही हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती न होता २०१९ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले.

कलम ५१ चं ते तिसरं पोटकलम महाराष्ट्रातही कामाला आलं. मराठवाड्यानं खंडपीठासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला न्यायमूर्ती बसवले. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो अधिकार मान्य केला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांनी आणखी चार दशकं वाट पाहिली. शेवटी मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी तोच अधिकार वापरला आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला कोर्ट बसू लागलं. आदल्या दिवशी उद्घाटनाला सरन्यायाधीश गवई होते. आराधे मूळचे जबलपूर हायकोर्टाचे, म्हणजे जे नागपूरहून गेलं त्या कोर्टाचे. जे १९५६ मध्ये एका दिवसात करता आलं, त्याला कोल्हापूरकरांच्या दोन पिढ्या लागल्या. दोष एकट्या कुणाचा नाही. पण इतकी वर्षं मुख्य न्यायमूर्ती येत-जात राहिले आणि प्रत्येकानं फाइल पुढच्यासाठी ठेवली, हे खरं.

या बाबतीत यवतमाळ जिल्हा सुदैवी. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ मध्ये नागपूरला किमान तीन न्यायमूर्ती बसतील असं म्हटलं आहे आणि कुठल्या जिल्ह्यांसाठी तेही नावानिशी लिहिलं आहे: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा आणि राजुरा. म्हणजे बोरी अरबच्या माणसाचं नागपूरचं हायकोर्ट कुणा एका मुख्य न्यायमूर्तीच्या मर्जीवर नाही. एक पळवाट मात्र त्याच कलमात आहे: या जिल्ह्यांतलं एखादं प्रकरण मुंबईलाच चालवावं असं मुख्य न्यायमूर्ती ठरवू शकतात.

या सोयीचा उपयोग जिल्ह्याला किती झाला? २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा याचिका नागपूरला गेली. पांढरकवडा-राळेगावच्या अवनी वाघिणीवरून वाद पेटला तोही नागपूरलाच. हे मोठे विषय. धुऱ्याचं दुसरं अपील मात्र अजूनही कपाटात वर्षं काढतं. न्यायालय जवळ आणलं म्हणून न्याय लवकर येतो असं नाही, आणि न्यायमूर्तींच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय तो येणारही नाही. त्या जागांसाठी नावं सुचवण्याची सुरुवात मुख्य न्यायमूर्तीच्याच टेबलावरून होते.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार राज्याच्या विधी सेवा प्राधिकरणाचे मुख्य आश्रयदाते हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्तीच असतात. त्या यंत्रणेची तालुका समिती दारव्ह्याच्या कोर्टात आहे, जिल्हा प्राधिकरण यवतमाळला आणि हायकोर्टाची उपसमिती नागपूरला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो. इतरांना ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असेल तर. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. बोरी अरबला, लाडखेडला, दारव्ह्याला तुमच्या ओळखीचं कुणी पैशाअभावी अपील सोडून बसलं असेल, तर त्याला मुदत संपायच्या आत या समितीकडे पाठवा.